विष दाखवणाऱ्या सळया

"डोळे मिटू नका, माउलींनो! आज डोळे मिटलेत, तर हे पाणी ते कायमचे मिटवील!"

असं कुणी ओरडलं की डोळे मिटायची हिंमत कुणाला होणार? चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा घरं नुकतीच उभी राहत होती. मधल्या मोकळ्या प्लॉटवर त्या रविवारी सकाळी सगळे जमले होते आणि सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या दोन काचेच्या पेल्यांवर खिळल्या होत्या. एका पेल्यात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात महाराजांच्या प्राणकुंभातलं. दिसायला दोन्ही सारखीच स्वच्छ.

टेबलामागे जलयोगी रामनाथ महाराज उभे होते. वर भगवा झब्बा, खाली इस्त्रीची टेरिकॉट पँट. अध्यात्म कमरेपर्यंत होतं, तिथून खाली धंदा. त्यांच्या हातात एक काळं लाकडी खोकं होतं. खोक्याच्या पोटातून धातूच्या दोन सळया खाली लोंबत होत्या आणि शेपटीसारखी वायर लवूच्या घरातल्या प्लगपर्यंत गेली होती. लवू आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. महाराजांना बोलावलं त्यानंच.

"ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात जे यंत्र आहे ना, त्याची ही धाकटी बहीण!" महाराजांनी सळया नळाच्या पाण्यात बुडवल्या आणि बटण दाबलं.

पाणी आधी पिवळसर झालं. मग हिरवट. मग तळातून तपकिरी गाठी वर येऊ लागल्या, फेस दाटला आणि बघता बघता पेल्यात गटार तयार झालं. गर्दीतून "अगं आई गं!" असा एकच आवाज उठला. कुणीतरी ओकलं.

महाराजांनी सळया पुसल्या, कुंभाच्या पाण्यात बुडवल्या, पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पाणी जसंच्या तसं.

"मी काविळीचं नाव काढणार नाही," महाराज म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांनी दुसऱ्या कशाचंही नाव काढलं नाही.

भीती काही त्यांनी आणली नव्हती, ती आमच्याकडे आधीच तयार होती. त्या उन्हाळ्यात सेक्टरमध्ये दोन-तीन घरांत कावीळ झाली होती. पाइप खाडीच्या कडेनं येतो आणि भरतीला त्यात काय काय शिरतं, याच्या गोष्टी रोज नव्यानं ऐकू येत. नळाच्या तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं दोन दिवसांत चहाच्या गाळण्यासारखं व्हायचं, ते तर सगळ्यांनीच पाहिलं होतं. महाराजांनी त्या भीतीला फक्त रंग दिला.

मी हात वर केला. "महाराज, आत्ता इथंच आमच्या नळाचं पाणी कुंभात ओता आणि गाळून दाखवा की."

"कुंभाला तप लागतं, काका."

"किती?"

"जितकी शंका, तितकं."

लोक हसले. माझ्यावर. मी हात खाली घेतला.

माझ्या शेजारी लवूची बायको जानकी उभी होती. तिचा माणिक जेमतेम दहा महिन्यांचा. तिनं त्याला पोटाशी इतकं घट्ट धरलं होतं की तो रडायला लागला. ती त्या गढूळ पेल्याकडे बघत पुटपुटली, "मी हेच पाजत होते त्याला. स्वतःच्या हातानं."

त्याच दुपारी तिच्या घरी प्राणकुंभ आला. कुंभाला किंमत नव्हती, दक्षिणा होती. दक्षिणेची रक्कम मात्र छापील होती. वस्तू म्हणाल तर बाजारात मिळतो तसाच स्टीलचा फिल्टर. वरच्या डब्यात दोन पांढऱ्या कँडल, त्यांतून पाणी पाझरून खालच्या डब्यात, खाली तोटी. पण महाराजांनी झाकणाला तांबडा दोरा बांधून लाखेचं सील मारायचं ठरवलं होतं. पाणी झाकणातल्या बारीक भोकातून ओतायचं. उघडायचं नाही, कारण तेज निघून जातं. उकळायचं नाही, कारण पाण्याचा प्राण जातो.

सील मारण्याआधी जानकीच्या सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, आत डोकावून पाहिलं आणि झटकन हात जोडले. त्या दोन गोल, पांढऱ्या, गुळगुळीत कँडल बघून दुसरं काय वाटणार?

"गे बाय, पिंडी आसत! दोन-दोन पिंडी! आणि तू तशीच पाणी ओततंस?"

मग कोकणातल्या रीतीप्रमाणे देवाला सगळं रीतसर झालं. कँडलना तेल लागलं, वर हळद-कुंकू, त्यावर फूल. नारळ ठेवून कृष्णाबाईंनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या पाण्यात काय वाकडा-नाकडा असात, तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मीही म्हणालो. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची सोय नसते. "होय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्यानं रामनाथ महाराज म्हणाले. बहुधा हाक आपल्यालाच आहे अशी त्यांची समजूत झाली असावी. मग सील बसलं.

तेलानं कँडलची छिद्रं बुजली असणार. पाणी थेंबाथेंबानं यायला लागलं, पुढे तर तेही रडतखडत. "देव हळूहळू पावता," कृष्णाबाई म्हणाल्या. आत दमट अंधार, सडणारं फूल आणि हळदीचा चिखल. या सगळ्यातून जे पाझरायचं ते माणिकच्या वाटीत जाई. जानकीनं उकळणं सोडलं होतं. नळाकडे ती वाघाकडे बघावं तशी बघायची.

पुढच्या आठवड्यात माणिकला जुलाब सुरू झाले.

लवूनं महाराजांना गाठलं. ते म्हणाले, "विष बाहेर पडतंय, पडू द्या. वरून पाणी कमी द्या." कुंभ तसाही कमीच देत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जानकी माझ्या दारात आली, माणिकला खांद्यावर टाकून. "काका, हा रडतोय, पण आवाजच येत नाहीय हो."

आम्ही धावत डॉक्टर सुलक्षणाबाईंच्या दवाखान्यात गेलो. बाई तोंडानं फटकळ, पण हात लोण्यासारखा. त्यांनी माणिकच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते.

"याला पाणी कोण देत नाहीय?"

"कुंभाचं देते ना, चमचा-चमचा. तेवढंच येतं."

"नळाचं उकळ, गार कर. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. मिनिटा-मिनिटाला चमचा. अंगावर पाजणं चालू ठेव. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर तडक हॉस्पिटल."

"नळाचं नाही देणार." जानकीनं माणिकला पोटाशी आवळलं. "तुम्ही तो पेला नाही पाहिलात, बाई. मी पाहिलाय. डोळ्यांनी."

"अगं, पोर सुकतंय!"

"म्हणून काय गटार पाजू त्याला?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालायला वेळ नव्हता. "बरं. कुंभाचंच घे. पण उकळ, आणि मीठ-साखर घाल. चालेल?"

जानकीनं मान हलवली. डॉक्टरबाईही आमच्यासोबत निघाल्या. घरी जाऊन जानकीनं कुंभाखालच्या पातेल्यात साठलेलं पाणी उकळलं, थाळीत ओतून गार केलं, मीठ-साखर ढवळली. चमचा माणिकच्या ओठांपर्यंत नेला. आणि तिचा हात तिथंच थांबला.

"उकळल्यावर प्राण जातो म्हणाले होते. काका, एकदा सळई लावून बघू दे. एकदाच. मग देते."

महाराज त्या वेळी प्लॉटवरच होते. पलीकडच्या सेक्टरवाल्यांसाठी दुसरा खेळ चालू होता. जानकी पेला घेऊन गर्दीतून थेट टेबलापाशी गेली. मागून कृष्णाबाई माणिकला घेऊन, त्यांच्यामागे मी आणि डॉक्टरबाई.

"महाराज, तुमच्याच कुंभाचं पाणी आहे. बाळाला द्यायचंय. दाखवा."

नाही कसं म्हणणार? आपल्याच कुंभाचं पाणी, समोर नवं गिऱ्हाईक. महाराजांनी सळया बुडवल्या, बटण दाबलं. पाणी रेंगाळलं नाही. आमच्या नळाच्या पाण्यापेक्षाही झपाट्यानं ते चिखलासारखं झालं.

जानकी किंचाळली. खाली बसली ती उठेचना.

महाराज क्षणभर गोंधळले. मग त्यांची नजर डॉक्टरबाईंच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपवर पडली. "यात काय कालवलंत?"

"मीठ आणि साखर."

"ऐकलंत? पवित्र पाण्यात हिनं विष कालवलं! इंजेक्शनवाले हे! पाणी शुद्ध झालं तर यांचे दवाखाने बंद पडतील!"

गर्दी वळली. भ्यालेली माणसं रागावतात तेव्हा ती ओळखीची राहत नाहीत. ज्यांची पोरं बाईंनी रात्री-अपरात्री तपासली होती, तेच लोक पुढे सरकले. कुणी म्हणालं, "धरा रे हिला." गर्दीत उभ्या असलेल्या लवूचाही हात उठला होता. मला घाम फुटला. डॉक्टरबाईंनाही फुटला असणार, पण त्यांचा आवाज तसाच होता.

"लवू, मला धर नंतर. आधी तुझं पोर बघ. रडतोय, पण डोळ्यांत टिपूस नाही. मीठ विष आहे की नाही, एवढंच आधी ठरवू या. महाराजांच्या स्वच्छ पेल्यात."

टेबलावर तो दुसरा पेला होताच, कुणीही न ढवळलेला. महाराज तो उचलायला झेपावले, पण कृष्णाबाई जवळ होत्या. त्यांनी माणिकला माझ्या हातात दिलं आणि पेल्यावर पंजा ठेवला.

"थांब रे. मिठाक इख म्हणतंस? अरे, आमचो आख्खो जलम खाऱ्या माशार गेलो. मगे आमी कधीच मराक होये होतो! कोण गो, मीठ हाड!"

समोरच्या घरातून मीठ आलं. कृष्णाबाईंनी स्वतःच्या हातानं चिमूटभर पेल्यात टाकलं, बोटानं ढवळलं, ते बोट चाटलं आणि म्हणाल्या, "आता लाव सळई."

"सळईचं तेज संपलंय."

"मग मी लावते," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोकं त्यांनी ओढलंच. सळया बुडाल्या, बटण दाबलं. ज्या पाण्यात आठवडाभर काहीच होत नव्हतं ते पिवळं झालं, हिरवट झालं, आणि तपकिरी गाठी वर आल्या.

बाईंनी बटण बंद केलं, लवूला प्लग काढायला लावला आणि मगच सळई वर उचलली. ती खालून कुरतडल्यासारखी झाली होती, गंजानं माखलेली.

"घाण पाण्यातून नाही आली, हिच्यातून आली. ही लोखंडाची आहे. पाण्यात मीठ किंवा क्षार असले की त्यातून वीज जाते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो हा गंज. क्षार नसले तर वीज जवळजवळ जातच नाही, मग पाणी स्वच्छ दिसतं. नळाच्या पाण्यात क्षार असतातच. विहिरीच्या असतात. तुमच्या रक्तातही असतात. यांच्या पेल्यात नव्हते. का नव्हते ते त्यांना विचारा."

विचारावं लागलं नाही. लवूनं टेबलाखालची महाराजांची झोळी उघडली आणि त्यातून प्लास्टिकच्या बाटल्या काढल्या. "हे तर बॅटरीचं पाणी," तो म्हणाला. "गॅरेजमध्ये गाडीच्या बॅटरीत टाकतात ते, क्षार काढलेलं."

महाराज म्हणाले, "मी तर फक्त प्रयोग दाखवत होतो," आणि झब्बा सावरत गर्दीच्या कडेला सरकू लागले. लोकांनी त्यांना अडवलं. पुढे त्यांना पोलीस चौकीत नेलं, तो भाग मी पाहिला नाही, कारण माणिक माझ्या हातात होता आणि तो आता रडतही नव्हता.

डॉक्टरबाई जानकीजवळ उकिडव्या बसल्या. "कळलं ना? आता ऊठ."

जानकीला कळलं होतं, तरी तिचे हात ऐकत नव्हते. भीती डोक्यातून गेली तरी हातातून लगेच जात नाही. तिनं नळाचं पाणी खळखळून उकळलं, गार केलं, मीठ-साखर घातली. मग आधी स्वतः चमचाभर प्यायली, डोळे घट्ट मिटून. मग माणिकच्या ओठांना लावला. एक चमचा. ओकला. थोडं थांबून पुन्हा एक. कृष्णाबाई भिंतीला टेकून तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घालत होत्या. डॉक्टरबाई हलल्या नाहीत.

दिवेलागणीच्या सुमारास माणिकनं जानकीची मांडी ओली केली. आयुष्यात इतक्या माणसांनी इतक्या आनंदानं बघितलेली ती एकच लघवी. थोड्या वेळानं तो रडला, आवाजासकट, आणि गालावरून खराखुरा थेंब ओघळला. जानकी त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी कुंभाचं सील तोडलं. आतलं वर्णन करत नाही, तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल. कृष्णाबाईंनी नाक दाबलं आणि म्हणाल्या, "ह्या पिंडी न्हय गे." मी बाईंना विचारलं, पोराला जुलाब यामुळेच झाले ना? त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय सांगणार नाही. पण न उकळता हे पाणी मी मांजरालाही देणार नाही."

आता तुमच्याही दारात कुणी फिल्टर घेऊन येईल. फिल्टर जरूर घ्या, ती चांगली वस्तू आहे. कँडलच्या फिल्टरनं गाळ अडतो, पाण्याला गढूळ चव राहत नाही. पण कावीळ अडेलच असं नाही, म्हणून पावसाळ्यात आणि साथीत पाणी उकळाच. कँडल दर आठवड्याला उघडून ब्रशनं घासा, उकळत्या पाण्यातून काढा, तडा गेला तर बदला. तेल लावू नका, हळद लावू नका, नारळ फोडायचाच असेल तर खोबरं खा. आणि जो उघडू देत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

पाण्याची भीती वाटणं यात लाज नाही. पोर लहान असलं की वाटायलाच हवी. पण भ्यायलात तर पाणी तपासायला द्या, डॉक्टरला विचारा, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारा. आणि भीती दाखवणाऱ्याला एवढंच सांगा: बाबा रे, तू बाजूला हो, हा प्रयोग आता आम्ही आमच्या हातानं करून बघतो.