पंपाच्या खोलीतली शिडी

अकरा फेब्रुवारी, रविवार. पहाटे धुकं होतं, नऊच्या सुमारास विरलं. मग कोरडं ऊन पडलं. वारा अजिबात नव्हता.

मी शिडी बोलतेय. अ‍ॅल्युमिनियमची, घडीची, सात पायऱ्यांची. गेले काही महिने मी पंपाच्या खोलीत कुलपाआड होते. आज वॉचमनने मला बाहेर काढलं आणि आवारातल्या भिंतीला टेकवून ठेवलं. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. इमारतीची सभा आहे आणि सभेपुढे एकच विषय आहे: मी कोणाची? इमारतीची, की पहिल्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंची?

उत्तर मला ठाऊक आहे. पण शिडीला पाय चार आणि तोंड एकही नाही. म्हणून सभेला जे सांगता येणार नाही, ते तुम्हाला सांगते.

माझ्या जन्माची कथा काही सांगण्यासारखी नाही. कारखान्यात नळ्या कापल्या, भोकं पाडली, रिव्हेट ठोकले, झाले मी. मग एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर साखळीने बांधलेली उभी असायचे. एका संध्याकाळी बाई आल्या. तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायच्या, त्यामुळे नखांच्या कडांना कायम पांढरी पूड. त्यांनी माझी प्रत्येक पायरी दाबून पाहिली, बिजागरी दोनदा उघडून मिटली.

दुकानदार म्हणाला, "घरातल्या कोणा माणसाला पाठवा बाई, उचलून न्यायला."

"मीच आहे घरातलं माणूस," बाई म्हणाल्या, आणि मला खांद्यावर टाकून निघाल्या.

एकट्या माणसाला वस्तूंशी बोलायची सवय लागते. त्या रात्री स्वयंपाकघरातला पुन्हा गेलेला दिवा बदलताना बाईंनी मला सगळं ऐकवलं. आदल्या आठवड्यात हाच दिवा गेला होता. घर नवीन, आई वर्षभरापूर्वी गेलेली, भावंडं आपापल्या गावी. बाईंनी समोरच्या भाऊजींना हाक मारली. ते बिचारे स्टूल घेऊन आले. दिवा लावून होईपर्यंत त्यांची बायको, समोरच्या वहिनी, मूल कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत, गेल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, "एकटी बाई, आणि दिवा लावायला माझाच नवरा बरा सापडला!"

"आता कोणाला बोलवायला नको," बाई मला म्हणाल्या, आणि चौथ्या पायरीवरून उतरल्या.

मी कशासाठी आले ते इतकंच. कोणाला बोलवायला लागू नये म्हणून.

पण गंमत बघा. बाईंना कोणाला बोलवावं लागेना, आणि सगळी इमारत बाईंना बोलवू लागली. मी बाहेरच्या दारामागे उभी असायचे. सुरुवातीला लोक बसायचे, पाणी प्यायचे, मग हळूच विषय काढायचे. दोन वर्षांत दारातूनच "मावशी, शिडी नेतो हं." आणखी काही वर्षांनी नुसतं "मावशी, शिडी!" क्रियापद गेलं, चपला काढणं गेलं. परत आणून देणंही गेलं. बाई संध्याकाळी कामावरून आल्या की मला शोधत मजले चढायच्या. कोणी मला बाल्कनीत ठेवून माझ्यावर कपडे वाळत घातलेले असायचे.

चार माणसांच्या घरातली वस्तू त्या घरची असते. एकट्या माणसाच्या घरातली वस्तू सगळ्यांची असते. वेळेचंही तसंच. "तुम्हाला काय, ना मूल ना बाळ, वेळच वेळ," असं म्हणून लोकांनी बाईंच्या गळ्यात काय काय घातलं! टाकी धुवायला माणसं आली की देखरेख बाईंची. जिन्यातले दिवे बाईंचे. कोणाच्या सासूबाई दवाखान्यात, रात्रीची सोबत बाईंची. चष्म्याचा स्क्रू पडला की बाई होत्याच. आणि प्रत्येक लग्नाच्या वेळी इमारतीवर दिव्यांच्या माळा सोडायला आम्ही दोघी. मी खाली उभी, त्या वर, दातात तार धरून. खालून एखादी म्हणायची, "अहो, तुमच्या लग्नात माळा कोण लावणार मग?" बायका खो खो हसायच्या. बाईही हसायच्या. दातात तार होती, म्हणून बोलता येत नसे.

एकदा इमारतीला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने बादल्यांवर, झाडूंच्या दांड्यांवर आणि माझ्या बाजूच्या पट्टीवर लाल अक्षरांत इमारतीचं नाव घातलं. त्या वेळचे सेक्रेटरी ओशाळले. "चुकून झालं बाई, पुसून देतो."

"राहू द्या हो. तुमचं आमचं काय वेगळं आहे!" बाई म्हणाल्या.

मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं.

वर्षं गेली. पूर्वी बाई मला एका हाताने उचलायच्या. मग दोन हातांनी. मग ओढत न्यायला लागल्या, तेव्हा फरशीवर माझे पाय करकरायचे आणि खालून आवाज यायचा, "काय चाललंय काय वर?" बाईंनी जुन्या टायरचे तुकडे कापून माझ्या पायांना बूट घातले. स्वतःच्या गुडघ्याला पट्टा बांधला. दुकानातून निवृत्त झाल्या, तेव्हा नजर इतकी अधू झाली होती की दुसऱ्यांच्या काचा घासणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या चष्म्याला सगळ्यांत जाड काच लागली.

समोरचे भाऊजी वारले. मग वहिनी दुपारी चहाला येऊ लागल्या. दारात उभ्या राहणाऱ्या वहिनी आता माझ्याच शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. "तुझं बरं आहे बाई," म्हणायच्या, "चहात साखर किती घालायची हे सुनेला विचारावं लागत नाही." बाई त्यांच्या कपात मुद्दाम जास्त साखर घालायच्या. इतकी वर्षं जे वैर नव्हतं पण मैत्रीही नव्हती, त्याची म्हातारपणी चांगली मैत्री झाली. असं मला वाटलं.

वहिनींचा मुलगा, तो कडेवरचा, आता इमारतीचा सेक्रेटरी झाला. लहानपणी त्याचा चेंडू छज्ज्यावर अडकला की आम्ही काढून द्यायचो. तेव्हा बाईंना "ए मावशी" म्हणायचा. एका सकाळी बाई पहिल्या मजल्याच्या वळणावर जिन्यातला दिवा बदलत होत्या. तिसऱ्या पायरीवर दम घ्यायला थांबल्या. नेमका हा ऑफिसला निघालेला.

"बाई, उतरा आधी खाली. उतरा. या वयात हे काय?"

"अरे, दम खातेय. पडत नाहीये."

"पडलात तर? जबाबदारी कोणाची? मलाच धावावं लागणार ना."

मावशीची बाई कधी झाली, ते बाईंच्याही लक्षात आलं असावं. त्या उतरल्या. त्याने मला मिटवलं आणि खाली नेऊन पंपाच्या खोलीत ठेवलं. "तुमच्या सुरक्षिततेसाठी," म्हणाला. "काही लागलं तर नुसतं सांगा. आम्ही आहोत ना सगळे." कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली.

पुढचं मी वॉचमनच्या गप्पांमधून ऐकलं. तो पंप सुरू करायला आला की खोलीच्या दाराशी उभा राहून फोनवर बायकोला सगळं सांगायचा. बाईंच्या स्वयंपाकघरातली ट्यूब गेली. बाईंनी सेक्रेटरीला सांगितलं. "रविवारी बघतो." रविवार गेला. तळमजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माझी कंबर धरलीय." तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला सांगितलं, तर त्यांनी हसून मान हलवली आणि विसरले. बाई पॅसेजच्या उजेडात भाजी चिरू लागल्या. शेवटी त्यांनी वायरमन बोलावला. तो आला, पक्कड काढली, वर बघितलं.

"शिडी द्या."

"माझ्याकडे नाही."

"असं काय करता मावशी? खाली विचारलं तर सगळे म्हणाले, शिडी तुमच्याकडेच असते!"

वॉचमन हे सांगताना पोट धरून हसला. मग म्हणाला, "नाही गं, हसण्यासारखं नाहीये ते."

त्याच आठवड्यात बाईंनी सभा मागितली. दिवा लावून द्या म्हणून नव्हे. माझी शिडी मला परत द्या म्हणून.

आणि आज ती सभा.

बाई इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वहिनी मागे, भिंतीच्या सावलीत. सेक्रेटरीने माझ्यावरच्या लाल अक्षरांवर हात ठेवला.

"नाव कोणाचं आहे बघा. मला वाटतं विषय इथेच संपतो."

"ते नाव रंगाऱ्याने चुकून घातलं," बाई म्हणाल्या. "शिडी मी विकत आणलीय. खांद्यावरून."

"बिल असेल ना?" बँकवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या घरातल्या कपाटाचं आहे?"

"कपाटावर दुसऱ्याचं नाव नाही माझ्या," ते म्हणाले, आणि दोघंतिघं हसले.

"अहो, पण एवढा हट्ट कशाला?" तिसऱ्या मजल्यावरची मुलगी खरोखरच कळवळून म्हणाली. "शिडी म्हणजे काय दागिना आहे का, माझी माझी करायला?"

"दागिना असता तर नेलेल्याने परत तरी आणून दिला असता."

यावर कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी हळू म्हणालं, "एकटं राहिलं की माणूस असं होतं. वस्तूंवर जीव." हळू म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं.

बाईंनी ते ऐकलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "मी आणली त्या दिवशी बघणारं एक माणूस इथे आहे. जिन्यात त्यांनीच विचारलं होतं मला, केवढ्याला पडली म्हणून. वहिनी, तुम्ही सांगा."

सगळ्या माना मागे वळल्या. वहिनींनी आधी बाईंकडे पाहिलं नाही. मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलवर अंगठा फिरवत होता. न पाहताच म्हणाला, "सांग ना आई, आठवत असेल तर. दुपारची जातेस ना तू तिकडे चहाला."

साधं वाक्य होतं. मी पंपाच्या खोलीत दोन वेगवेगळ्या धातूंचे पाइप जोडलेले पाहिलेत. अशा जोडात एक टिकतो तो दुसऱ्याला गंजवून; इथे कोण गंजणार, ते मला कळलं. वहिनींच्या मांडीवर रुमाल होता, त्याची त्या घडी घालत राहिल्या. लहान, आणखी लहान.

"किती वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला मेलीला कालचं आठवत नाही."

बाई थोडा वेळ वळूनच बसल्या होत्या. मग पुढे तोंड करून बसल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पर्स उघडली, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि बंद केली.

नवऱ्याच्या, मुलांच्या गराड्यात म्हातारं होणं आणि एकटीने म्हातारं होणं यात बरं काय, यावर मी इतकी वर्षं दारामागे उभी राहून पुष्कळ ऐकलंय. दोघीही दुसरीचं बरं म्हणायच्या. मला त्यातलं आता एवढंच कळतं की एकीला उजेडासाठी परवानगी लागते आणि दुसरीला खरं बोलण्यासाठी.

माझं आता फार राहिलं नाही. पाचव्या पायरीचा रिव्हेट सैल झालाय. ओलसर खोलीत बिजागरीला पांढरी बुरशीसारखी पूड धरलीय. आज ना उद्या कोणीतरी म्हणेल, भंगारात काढा. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाचणाऱ्यांकडे मागणं एकच. तुमच्या घरात आत्ता एखादी वस्तू असेल, कोणाकडून तरी आणलेली आणि राहून गेलेली. पुढेमागे ती कोणाची असं कोणी चारचौघांत विचारेल. तेव्हा तुम्हाला आठवायला हवं. नाहीतर आजच उठा आणि देऊन या. दार वाजवा, आणि चपला काढून आत जा.

सेक्रेटरीने ठराव वाचला: शिडी इमारतीच्या मालकीची आहे, ती पंपाच्या खोलीत कुलपात राहील आणि पासष्टच्या पुढच्या कोणाही रहिवाशाला ती वापरता येणार नाही. बाजूने नऊ हात वर झाले, विरोधात एक. समोरच्या वहिनींनी मत दिलं नाही. ठराव मंजूर झाला. पावणेबाराला वॉचमनने मला आत ठेवलं आणि कुलूप लावलं.