डब्यात भरलेले अप्पा

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गल्ली लोटली होती ती एका पितळी डब्याच्या दर्शनाला, कारण डब्यात अप्पांचा आत्मा होता. अप्पा स्वतः कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, पण त्यांच्याकडे बघायला सवड कुणाला?

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस खुब्याचं ऑपरेशन करून घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून गप्पच झाला. जेवण नको, झोप नाही. डॉक्टर म्हणाले, "हे नैराश्य आहे. म्हातारपणी इस्पितळातून आल्यावर होऊ शकतं, आणि बरंही होतं. गोळ्या द्या, चालवा, बोलतं करा." सुनेने गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांत तिच्या नवऱ्याचा धीर सुटला आणि तो महाराजांना घेऊन आला.

"आत्मा वॉर्डातच राहिला होता, खाट नंबर चौदा! तो मी या डब्यात धरून आणलाय!" महाराज गरजले. "एकवीस दिवस झाकण उघडायचं नाही, आणि गोळ्या बंद. औषधाच्या वासाने आत्मा बिथरतो."

त्यांनी डबा झोळीत घातला, मंत्र पुटपुटले, बाहेर काढला. डबा थरथरू लागला.

"अप्पा, आत गुदमरत नाही ना हो?" शेजारीण डब्याला विचारू लागली. सुनेचा नवरा तर नमस्कारासाठी डब्याचे पाय शोधत होता. मग त्याने गोळ्यांची पट्टी मागायला हात पुढे केला. सुनेने पट्टी मुठीत घट्ट धरली.

"चावी संपत आलीय," खुर्चीतून आवाज आला.

"आत्मा बोलला!" सगळे डब्याला हात जोडून मोकळे झाले.

"अरे, मी बोललो!" अप्पा वैतागले. "स्प्रिंग ढिली पडलीय. आता थांबेल बघा."

डबा थांबला. सुनेने झाकण उघडलं. आत चावीचा पत्र्याचा बेडूक! कुणीतरी त्यालाच नमस्कार केला. तिने चावी पिळून बेडूक परत आत टाकला, तसा डबा पुन्हा थरथरला. "झोळीत हात घालून एवढंच करत होते महाराज," ती म्हणाली. महाराजांनी चपला न घालताच काढता पाय घेतला होता.

"पण अप्पा बोलले ना? कृपाच ही!" शेजारीण हटेना.

"कृपा कसली?" सून म्हणाली. "तीन आठवडे औषध पोटात जातंय. गुण यायला तेवढे दिवस लागतातच."

अप्पांनी मान हलवली. "आणि डब्याला विचारलंत, 'गुदमरत नाही ना?' मला कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं मी."

सुनेच्या नवऱ्याने पाण्याचा पेला आणून गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा भिंतीकडे वळले, तिसऱ्या दिवशी दारापर्यंत चालले. हा आजार असाच रडतखडत जातो, झटक्यात नाही. तेव्हा मंडळी, घरातलं म्हातारं माणूस गप्प झालं तर त्याचा आत्मा शोधत गावभर फिरू नका. डॉक्टर गाठा, गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, आणि खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसा.