राखेतल्या दोन बाटल्या

बाजरीच्या बियाण्याला ऊन द्यायचं म्हणून दुर्गाबाईनं गाडगं ओट्यावर आणलं. वरचं बी ती पसरायची, पण तळाच्या राखेत हात घालायला पाच वर्षं तिचा जीव धजला नव्हता. तिथं शेवंताच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या.

त्या साली लेकीच्या, शेवंताच्या छातीत कफ धरला. चिंचवडच्या डॉक्टरनं पेनिसिलीनच्या पाच सुया सांगितल्या. औषध विलायतेहून यायचं. नवऱ्यानं, सोनबानं गाभण म्हैस विकून पाच बाटल्या आणल्या. तो रानात राबायचा आणि पोरीला सुईला दुर्गाबाई न्यायची. तिसऱ्या सुईला शेवंता उठून बसली, भाकर मागू लागली. एवढं महागाचं औषध उगाच कशाला संपवा, उद्या धाकट्याला लागलं तर? दुर्गाबाईनं उरलेल्या दोन बाटल्या बियाण्यासारख्या राखून ठेवल्या आणि नवऱ्याला सांगितलं, पाचही दिल्या. आठव्या दिवशी ताप उलटला. डॉक्टर यायच्या आत पोर गेली.

"पाचच्या पाच दिल्या, आपुन कमी पडलो न्हाई," सोनबा तेव्हापासून म्हणायचा. तेवढ्याच आधारावर माणूस उभा होता. दुर्गाबाईला मात्र भरदुपारी सारवतानाही पोरीचं खोकणं ऐकू यायचं.

पुढं त्यांचंच निम्मं रान औषधाच्या कारखान्यात गेलं आणि तेच औषध तिथं बनू लागलं. भाव उतरला, तरी शेजारच्या मंजुळाबाईला सुनेच्या पाच सुयांसाठी होत्या नव्हत्या तेवढ्या कोंबड्या विकाव्या लागल्या.

आज मंजुळाबाई हसतच ओट्यावर आली. तीन सुयांतच सून हिंडू-फिरू लागली होती. राहिलेल्या दोन बाटल्या नातवंडांसाठी ठेवून द्याव्यात, असं तिच्या मनात होतं. सोनबा तिथंच दोर वळत बसला होता.

दुर्गाबाईनं बी सुपात ओतलं, राखेत हात घातला आणि दोन्ही बाटल्या मंजुळाबाईपुढं ठेवल्या. आतली पूड पिवळी पडून दगड झाली होती.

"माझ्या शेवंताला तीनच दिल्या व्हत्या," ती म्हणाली. "ह्या मी राखल्या. तुमी राखू नगा, आक्का."

सोनबाच्या हातातला पीळ सुटला. पलीकडं कारखान्याचा भोंगा झाला. मग तो उठला आणि त्यानं गाडीला बैल जुंपले.

"आक्का, सुनंला आन तुमच्या बाटल्या घिऊन या. चौथी द्यायचीय."

शेवंताच्या दोन्ही बाटल्या त्यानं उचलून मुठीत धरल्या. दुर्गाबाई मागं बसली. चिंचवड येईस्तोवर त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.