उशांची लॉरी

हुबळीत कुणाचा माल कुणाच्या लॉरीतून जातो हे शंकर नेसरीकरांना जेवढं ठाऊक, तेवढं देवालाही नसेल. दुर्गदबैलच्या कापडवाल्यांचे गठ्ठे, तारिहाळच्या कारखान्यांचे पंप, अमरगोळच्या यार्डातली मिरची, सगळ्यांची नाडी त्यांच्या हातात. आणि अशा माणसाची पोटची पोर आपला माल दुसऱ्याच्याच लॉरीत भरते, हे मात्र त्यांना सगळ्यात शेवटी कळलं.

त्या दिवशी ते एका गिऱ्हाइकाकडे तारिहाळला गेले होते. येताना वाटलं, पल्लवीच्या शेडवर चहा घ्यावा. पल्लवी त्यांची एकुलती एक. पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकली, लग्न होऊन धारवाडला गेली आणि आता तारिहाळला शेड भाड्यानं घेऊन सावरीच्या कापसाच्या उशा करत होती. कोल्हापूरची हॉटेलं त्या उशांवर खूश होती. शंकरराव पोचले तेव्हा शेडच्या दारात लॉरी उभी होती, उशा भरणं चालू होतं. लॉरी पिवळी होती. नेसरीकरांच्या सगळ्या लॉऱ्या हिरव्या. शंकररावांनी स्कूटर तिथूनच वळवली.

बाजाराला असल्या बातम्या कोण सांगतं कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी अमरगोळला मिरचीचे दलाल गुरुसिद्धप्पा पान चघळत म्हणाले, "येन्री शंकरण्णा, लेकीला तुमचं भाडं परवडेना काय?" शंकरराव हसले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं. पण घरी येऊन त्यांनी ताटातला भात नुसता चिवडला.

"मनाला एवढं लागलंय तर विचारा की तिला," त्यांची बायको भाग्यलक्ष्मी म्हणाली.

"गिऱ्हाइकानं कुणाची गाडी घ्यावी ते मी विचारायचं? तीस वर्षांत कुणाला विचारलं नाही."

"गिऱ्हाईक कसलं? लेक आहे ती."

"मग लेकीला बापाची गाडी दिसली नाही?"

भाग्यलक्ष्मीनं पळी खाली ठेवली. "दिसली. तिचा वासही आला. अहो, तुमच्या लॉऱ्यांना मिरचीचा वास येतो. कापूस तो ओढून घेणार. उद्या हॉटेलातला पाहुणा उशीवर डोकं टेकणार आणि रात्रभर शिंकत बसणार. हे तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं, म्हणून पोरगी गप्प बसली."

"वास? माझ्या लॉरीला?" शंकरराव ताटावरून उठले. जन्म गेला या धंद्यात आणि आता बायको नाक शिकवणार!

सकाळी त्यांनी दावलसाब ड्रायव्हरला बोलावून घेतलं. दावलसाब त्यांच्याइतकाच जुना. दोघं लॉरीच्या हौद्यात चढले आणि वाकून फळ्या हुंगायला लागले.

"येतोय का रे वास?"

"कसला वास अण्णा? उद्या यातून दूध न्या की."

तेवढ्यात चहावाल्यानं मागून किटली घेऊन डोकं आत घातलं आणि असा सणसणीत शिंकला की अर्धा चहा फळ्यांवर सांडला. डोळे पुसत पुसत तो म्हणाला, "चहा खाली ठेवतो अण्णा. इथं आत कसं उभं राहता ओ तुम्ही?"

दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दावलसाबनं उगाचच फळीवरून हात फिरवला. शंकररावांना मात्र एकदम वाईट वाटलं. पोरीचं खरं होतं, आणि ते खरं बापाला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. दोन दिवस आपण तिच्यावर फुगून बसलो याची त्यांना लाज वाटली.

मग त्यांनी जे केलं ते बघून यार्ड हसलं. मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. अमरगोळला लाल ढीग लागले होते, लॉरीसाठी दलाल एकमेकांच्या अंगावर धावत होते, आणि नेसरीकरांनी आपली एक चांगली धडधाकट लॉरी धंद्यातून काढून उन्हात उभी केली. जुन्या फळ्या उपसल्या, नव्या बसवल्या. सोड्याच्या पाण्यानं हौदा घासून घेतला, नवी ताडपत्री आणली. रोज सकाळी शेजारच्या कुणाला तरी वर चढवून "शिंक येते का बघा" म्हणायचे. शेवटी शेवटी लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले.

गुरुसिद्धप्पांनी दुप्पट भाडं देऊ केलं. "शंकरण्णा, हंगामात गाडी धूत बसलाय, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ही गाडी आता मिरचीला नाही. कधीच नाही."

"मग कशाला?"

"उशांना," शंकरराव म्हणाले, आणि या वेळी ते खरोखरच हसले.

कुणालाच शिंक येईना तेव्हा ते दावलसाबबरोबर लॉरी घेऊन तारिहाळला गेले. पल्लवी बाहेर आली तर बाप हौद्यात उभा, धुतलेला पांढरा सदरा घालून.

"नेसरीकर ट्रान्सपोर्ट," ते म्हणाले. "गाडी कोल्हापूरला निघालीय. काही माल आहे का बाईसाहेब?"

पल्लवीनं नव्या फळ्या पाहिल्या, नवी ताडपत्री पाहिली. "आईनं सांगितलं ना तुम्हाला," एवढंच म्हणून ती वर चढली. शंकररावांनी श्वास रोखून धरला. ती त्यांच्याजवळ आली आणि शिंकली. एकदा नाही, तीनदा.

शंकररावांचा चेहरा पडला. "एवढं घासलं गं," ते पुटपुटले. "राहू दे. त्या पिवळ्यावाल्यालाच बोलाव."

पल्लवीनं गुडघ्यावर बसून फळी हुंगली. मग कोपऱ्यात जाऊन ताडपत्री हुंगली. मग परत येऊन तिनं बापाची बाही नाकाशी धरली, आणि तिला हसू आवरेना.

"अप्पा, गाडी एकदम स्वच्छ आहे. वास तुम्हाला येतोय."

"सदरा धुतलेला आहे!"

"सदऱ्याचं काय घेऊन बसलात? अंगातच मुरलाय तो." तिनं आतल्या बायकांना हाक मारली. "भरा गं माल, याच गाडीत! आणि अप्पा, तुम्ही आधी खाली उतरा."

तर स्वतःच्याच लॉरीतून शंकरराव खाली उतरले. रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडून हुकूम सोडत राहिले. दोर आवळायच्या वेळी सवयीनं दोन पावलं पुढे आले, मग थांबले आणि हात मागे बांधले. हिरव्या लॉरीत लेकीच्या उशा गच्च भरलेल्या बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मिरचीमुळे नव्हतं.

दावलसाब गाडी घेऊन बायपासकडे निघाला. पल्लवी रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात एक उशी होती.

"ही राहिली की काय?" शंकररावांनी लॉरीला थांबवायला हात वर केला.

"राहिली नाही, ठेवलीय. महिनाभर डोक्याखाली घ्या आणि मग मला परत द्या." ती थोडी थांबली. "पुण्याला जाताना तुमचा एक जुना सदरा पळवला होता मी. तो उशाशी घेऊन झोपायची. खोलीतली मुलगी शिंकून शिंकून बेजार व्हायची, तेव्हा मला कळलं की आपल्या घराला वास आहे. आता त्या सदऱ्याचा वास गेलाय."

शंकररावांनी उशी घेतली आणि सदऱ्याला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी लांब धरली.

"अशी लांब काय धरता?" पल्लवी म्हणाली, आणि तिनं ती त्यांच्या छातीशी दाबली.