धोंड्याची गिरकी

वेधशाळेत सासरेबुवांचा आवाज चढला की घुमटावरची कबुतरं शेजारच्या गावी उडून जात, आणि तो उतरल्याशिवाय परतत नसत. अशा माणसाला भर जेवणात सून म्हणाली, "बाबा, आकडा चुकलाय. तुमचा लघुग्रह स्वतःभोवती चार तासांत नाही, आठ तासांत फिरतो."

सासूबाईंचा वाढता हात थांबला.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला तो धोंडा सासऱ्यांनी पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. खऱ्या पोराच्या लग्नातसुद्धा त्यांचा एक डोळा दुर्बिणीलाच होता म्हणे. आज दुपारी सभागृहात धोंड्याचा आकडा जाहीर व्हायचा होता, सासऱ्या-सुनेच्या जोडनावानं.

"दर चार तासांनी तो झळाळतो. एक झळाळी, एक गिरकी!" सासरे कडाडले.

सुनेनं ताटलीतली काकडी मधोमध चिमटीत धरली आणि खिडकीच्या उजेडात फिरवली. "तो असा लांबोडका आहे. एका गिरकीत आधी ही कूस दिसते, मग ती. म्हणजे झळाळतो दोनदा. दोन्ही कुशी सारख्या नाहीत, म्हणून दर दुसरी झळाळी फिकी."

"ती ढगांमुळे फिकी!"

"तुमचे ढग भलतेच शिस्तीचे हो, बाबा. बरोबर एकाआड एक येतात."

सासूबाईंना ठसका लागला.

"चारचौघांत तोंड उघडलंस तर तुझं नाव खोडून टाकीन!"

"खुशाल खोडा. खोट्या आकड्याखाली मला नकोच ते."

सभागृहात सासऱ्यांनी फळ्यावर चार लिहिला. सून तरातरा पुढे गेली, तो पुसून तिनं आठ लिहिला. सासऱ्यांनी चार. सुनेनं आठ. खडूची एवढी धूळ उडाली की मागच्या रांगेला वाटलं, धूमकेतूच आत शिरला. अध्यक्षांनी तिला बाहेरची वाट दाखवली.

"आधी हे बघा, मग हाकला," म्हणत तिनं फळ्यावर धोंड्याच्या झळाळीचा आलेख डकवला. एक उंचवटा मोठा, एक बुटका, पुन्हा मोठा, पुन्हा बुटका. "सगळी निरीक्षणं बाबांचीच आहेत. त्यांची नजर पक्की आहे. हट्ट तेवढा कच्चा."

सासरे डस्टर घ्यायला वळले. ते सासूबाईंनी केव्हाच उचललं होतं.

"अहो, इतकी वर्षं तुमच्या शेजारी मीही जागलेय," त्या म्हणाल्या. "ढग असते तर मी सुखानं झोपले नसते का?"

सासऱ्यांनी हात पुढे केला. सासूबाईंनी डस्टर पदराखाली घेतलं आणि सुनेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.