चार वाजताची सभा

चांदी-कारागिरांच्या हुपरीत जनसंस्कार पक्षाची सभा दर गुरुवारी दुपारी चारला भरायची. भरायची म्हणजे श्रीपालअण्णा यायचे, पाठोपाठ बाळासो यायचे, आणि सतरंजी मात्र पन्नास माणसांची अंथरलेली असायची. अण्णा शाखेचे अध्यक्ष, बाळासो बाकी सगळं. अण्णा तासभर बोलायचे, बाळासो मान डोलवायचे आणि चिवडा संपवायचे. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

पक्षाचं ब्रीद होतं, 'जुनं ते जपा'. घरं एकत्र राहावीत, सणवार नीट व्हावेत, पोरांनी बापाचा हुन्नर सोडू नये, एवढंच अण्णांचं म्हणणं. त्यात वाईट काय होतं? काही नाही. ऐकायलाच कुणी नव्हतं, एवढी एकच खोट.

२००३ सालच्या गौरी-गणपतीनंतर कोल्हापूरहून जिल्हाप्रमुखांचा फोन आला. "अण्णा, दसऱ्यापर्यंत नवं नेतृत्व द्या. सभेला माणसं दिसली पाहिजेत. न्हाईतर हुपरीची शाखा कागलला जोडतो."

कागलला! अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर जपलेली शाखा दुसऱ्या गावाच्या दावणीला बांधायची? त्या दिवशी त्यांना घास गोड लागला नाही.

नेतृत्व म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर एकच नाव होतं. सोमेश, गावातल्या रामलिंगप्पांचा मुलगा. आवाज खणखणीत, मराठीत सुरू केलेलं भाषण कानडीत संपवायचा, तेही टाळ्या घेऊन. चौकात गॉगल लावलेल्या फोटोचा बोर्ड त्याने आधीच उभा केला होता. खाली 'भावी' एवढंच लिहिलं होतं. भावी काय, ते ठरायचं होतं.

पुढच्या गुरुवारी अण्णांनी चारला सोमेशचं भाषण ठेवलं. पोरगं जीव तोडून बोललं. समोर अण्णा, बाळासो, सोमेशचा एक मित्र आणि कडेला बसलेली स्नेहल. स्नेहल म्हणजे शेजारच्या अनेकांत नावाच्या पोराची बायको. बाजारातून चांदी आणून घरोघरच्या बायकांना पैंजणांना घुंगरं जोडायचं काम द्यायची, त्यामुळे गावातली अशी चूल नव्हती जिथे तिला चहा विचारत नसत.

"लोकांस्नी संस्कारच ऱ्हायलं न्हाईत," भाषण संपल्यावर अण्णा कळवळून म्हणाले.

"अण्णा, रागावू नगासा," स्नेहल म्हणाली, "पण चारला गावातल्या समद्या भट्ट्या पेटलेल्या असत्यात. तापली चांदी सोडून कोण येणार? भट्टी इझली की माणूस मोकळा. सभा आठला ठेवूया की."

"आठला? दिवस मावळल्यावर?" अण्णा उसळले. "पक्षाची काय शिस्त हाय का न्हाय?"

घरी ताट वाढणाऱ्या बायकोला, सीताबाईंना, त्यांनी हे रागारागाने सांगितलं. बाहेर ऊन अजून कौलांवर होतं. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि नंतर पाण्याचा थेंब घ्यायचे नाहीत. म्हणून तर सभा चारला! साडेपाचला आटपायची, घर गाठायचं, जेवायचं, जप करून आडवं व्हायचं.

"सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम तुमचा हाय," सीताबाई भाकरी वाढत म्हणाल्या. "पक्षाचा कवापासनं झाला? तुमचा बाळासो तर घरी जाऊन झणझणीत मटण वरपतोय. समद्या गल्लीला ठावं हाय."

"बाळासो? त्यानं सोडलंय!"

"तुमच्यापुरतं," सीताबाई म्हणाल्या आणि वरण वाढून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्नेहलला म्हणाले, "कर तुझी आठची सभा. मी येणार न्हाय."

गुरुवारी ते वेळेवर जेवले, जप केला, आडवे झाले. पण झोप कसली येतेय? तालमीच्या पटांगणातून कर्ण्याचा आवाज येत होता, मधूनच हसण्याची लाट येत होती. हुपरीत त्यांच्या पक्षाच्या सभेत माणसं हसतायत! अण्णांनी टोपी चढवली आणि निघाले.

पटांगण भरलं होतं. काजळलेल्या हातांची माणसं, पदराने घाम पुसणाऱ्या बायका. सोमेश असा रंगला होता की त्याला पाणी प्यायचं भान नव्हतं. समोर माणसं असली की पोरगं खरंच वक्ता होतं. मग स्नेहल उठली. तिने भाषण केलंच नाही. मशीनच्या साच्यातल्या मालापुढे हाताचा पैंजण कसा टिकवायचा, पोरांना हुन्नर कोण शिकवणार, हे तिने एकेकाला नाव घेऊन विचारलं. माणसं भांडल्यासारखी बोलू लागली. जी गोष्ट अण्णा बावीस वर्षं सांगत होते, ती आता गाव त्यांना सांगत होतं. अण्णा पार मागे उभे राहून ऐकत राहिले आणि त्यांचा ऊर भरून आला.

चहा आला. एका म्हातारीने स्नेहलच्या हातात कप दिला. तिने तो हसत शेजारणीकडे सरकवला.

"घे की गं."

"दिवस मावळलाय आक्का, मी न्हाय घेत. तुम्ही घ्या, गार हुतोय."

अण्णा बघतच राहिले. ही पोरगी दिवस असताना जेवून आली होती. नेम तिचाही तोच. फक्त तिने तो आपल्यापुरता ठेवला होता आणि गावाला चहा पाजला होता. आपण मात्र आपल्या ताटाच्या वेळेला अख्खा पक्ष बांधून ठेवला, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि लाजेपेक्षा हायसंच जास्त वाटलं. चूक इतकी लहान होती तर!

ते पुढे गेले, कर्णा हातात घेतला. "आजपासनं अध्यक्ष स्नेहल. आणि बोलणार सोमेश."

सोमेशचा चेहरा घटकाभर उतरला. पण पटांगण टाळ्या वाजवत होतं आणि टाळी ऐकून रुसून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मग चौकातल्या बोर्डावर वहिनींचा फोटो लावू?"

"फोटो नगं," स्नेहल म्हणाली. "वेळ लिवा. गुरुवारी आठ."

गर्दी पांगली. अण्णांना घरापर्यंत सोडायला नेहमीप्रमाणे बाळासो निघाले. त्यांची चाल जरा घाईची होती आणि नजर सारखी आपल्या गल्लीकडे जात होती. कोपऱ्यावर अण्णा थांबले.

"बाळासो, एवढी वर्षं सांगितलं न्हाईस?"

बाळासोंनी मान खाली घातली. "तुम्हास्नी वाईट वाटलं असतं की, अण्णा."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा आता. रस्सा गार हुईल."