एसीवरचे वडम

मैलापुरात कत्तिरीचं, म्हणजे तमिळ मुलखातल्या ऐन मे महिन्याचं, ऊन तापलं की सगळे घरात दडून बसतात, आणि सीतालक्ष्मी तेवढ्या खूश होतात. वडम, म्हणजे तळायच्या पापड्या, वाळवायला याहून चांगलं ऊन मिळणार कुठे? साबुदाणा शिजवायचा, मिरची वाटून घालायची, जिरं घालायचं, लिंबू पिळायचं आणि धुतलेल्या धोतरावर पळीपळीने घालत जायचं. हे सगळं गच्चीवर. पण यंदा गुडघ्यांनी दगा दिला. गच्चीचे जिने नुसते बघूनच त्यांना घाम फुटायचा. सांगायचं तरी कुणाला? सांगितलं की घरचे म्हणणार, "विकत आणू या." विकतच्या वडमांचं नाव काढलं तरी बाईंच्या कपाळावर आठी यायची.

तेव्हा त्यांची नजर एसीवर गेली. घरात एसी एकच, हॉलच्या खिडकीत बसवलेला. त्याचा पाठीमागचा भाग मागच्या बाल्कनीत निघालेला, कमरेएवढ्या उंचीवर. वर सपाट पत्रा, पत्र्यावर दुपारचं ऊन, आणि यंत्राची ऊब फुकटात. "हा तर आयता ओटाच की गं बाई," म्हणत त्यांनी तिथे धोतर पसरलं. वडम काय सुरेख वाळले! वाळताना कडा मोडायच्या, कण पत्र्याच्या फटींतून खाली जायचे. खाली म्हणजे जमिनीवर, असा त्यांचा आपला समज.

थोड्याच दिवसांत एसी घरघरायला लागला. वारा यायचा, पण तो कोमट.

त्यांचे यजमान रामस्वामी भडकले. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी एसीची पुढची जाळी काढून नळाखाली धुणं हे त्यांचं व्रत होतं. जाळी आरशासारखी स्वच्छ, मग बिघडलं कुठे? त्यांनी गुन्हेगार शोधला तो घरातच. सून अर्चना. ती मूळची सांगलीची, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि निम्मा आठवडा हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर बसून ऑफिसचं काम करायची.

"दिवसभर अठरावर ठेवते," ते सीतालक्ष्मींना म्हणाले, पण अर्चनाला ऐकू जाईल अशा बेताने. "यंत्र आहे ते, बैल नाही राबवायला!"

अर्चना लॅपटॉपवर टाइप करत राहिली. फटींतून गेलेले कण एकदम सीतालक्ष्मींच्या डोळ्यांसमोर आले. लग्न होऊन आल्यापासून या पोरीला आपण काय शिकवलं? ओट्यावर पिठाचा कण दिसता कामा नये. डब्यांची झाकणं पुसल्याशिवाय ठेवायची नाहीत. आणि आता आपणच एसीच्या पोटात साबुदाणा भरला म्हणून सांगायचं? कोणत्या तोंडाने?

रविवारी रामस्वामींनी जाहीर केलं, "उद्या हा देऊन टाकतो. बदल्यात नवा आणतो."

"अप्पा, आधी मी उघडून बघते," अर्चना म्हणाली. तिने प्लग काढला, नवऱ्याला, कार्तिकेयला, हाताशी घेतलं आणि दोघांनी मिळून ते धूड बाहेर ओढलं. सीतालक्ष्मी स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभ्या. देवाचं नाव घ्यायचं तर तेही सुचेना.

आतल्या पातळ पत्र्यांच्या रांगा पांढऱ्या फटक पडल्या होत्या. धूळ होतीच, पण तिच्यात चिकटून बसलेले कण, आणि कणांत जिरं. अर्चनाने ब्रशने एक कण काढला, नाकाशी नेला आणि मान वर करून थेट सासूकडे पाहिलं. मग चटकन सगळं सुपलीत लोटून वर वर्तमानपत्र टाकलं.

"काय निघालं?" रामस्वामी झोपाळ्यावरून म्हणाले.

"धूळ, अप्पा. समुद्राच्या वाऱ्याने चिकट झाली असेल."

"धूळ कसली! मी जाळी धुतो ना! अठरावर ठेवून ठेवून..."

"हो अप्पा. यापुढे सव्वीसवर ठेवेन."

तिने तो दोष असा गुपचूप गिळला आणि सीतालक्ष्मींना राहवेना. आपली अब्रू राखायला ही पोर बोलणी खातेय, आणि आपण खांबासारख्या उभ्या? लाज वाटली त्यांना, खरीखुरी लाज.

"अहो, पुरे झालं!" त्या ओरडल्याच. "वडम आहेत ते. माझे. गच्चीवर चढवत नाही मला, म्हणून एसीवर वाळवले. तिला एक शब्द बोलायचं नाही!"

झोपाळा थांबला. रामस्वामींनी सुपलीवरचा कागद उचलून बघितलं, बायकोच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसला.

"अर्चना, माझं चुकलं गं," ते म्हणाले. "उगाच बोललो तुला."

पत्र्यांवरून मऊ ब्रश फिरला, आतला चिखल निघाला, सगळं पुसून कोरडं झालं. दुपारी एसी सुरू केला आणि हॉलमध्ये असा गारवा पसरला की कार्तिकेयने चादर मागितली.

सीतालक्ष्मी सुनेजवळ येऊन बसल्या. "तुला वासावरूनच कळलं?"

"वासावरून कशाला? मला आधीपासून ठाऊक होतं." अर्चना हसायला लागली. "कण आत जातात हे नव्हतं ठाऊक. पण मीटिंग संपली की मी बाल्कनीत जाऊन अर्धे ओले वडम खायचे, अम्मा. रोज. सांगलीला आईच्या पापड्याही अशाच संपवायचे. तुम्हाला कळलं तर वाळवणं बंद कराल, म्हणून बोलले नाही."

सीतालक्ष्मींचा आवाज चढला.

"अगं वेडे! वाळून तळल्यावर खारट होऊ नयेत म्हणून मीठ बेताचंच घातलेलं असतं. ओले खायचे तर जास्त लागतं. इतके दिवस आळणी खात बसलीस? मला सांगायला काय झालं होतं तुला?"

आणि गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या, साबुदाणा भिजत घालायला.